अक्रोड सोलताना शीळ घालावी

"हे तोंडाला लावायचं का खायचं?"

गेल्या सप्टेंबरात दोन्या ओब्दुलियांनी भरल्या ताटावर बसून हा प्रश्न विचारला आणि त्यांचे जावई फर्मीन क्वाउत्ले यांच्या आयुष्याला एक ध्येय मिळालं.

ताटात होती ती पुएब्ला शहराची अब्रू. पोब्लानो मिरची: हाताच्या पंजाएवढी, काळपट हिरवी, भाजून सोललेली, पोटात खिमा आणि फळं भरलेली. तिच्यावर ओले अक्रोड दुधात वाटून केलेली दाट, पांढरीशुभ्र नोगादा, तिच्यावर डाळिंबाचे लाल दाणे, शेवटी पार्सलीची हिरवी पानं. ताटात देशाचा झेंडाच फडकतो म्हणा ना. ऑगस्ट-सप्टेंबर सोडला तर हा पदार्थ मिळत नाही, कारण ओला अक्रोड तेव्हाच येतो. पुएब्लाचा माणूस उरलेले दहा महिने याच दोन महिन्यांविषयी बोलत असतो.

पण गेल्या वर्षीचं ताट हॉटेलातून आणलेलं होतं आणि नोगादेत अक्रोडापेक्षा पाव जास्त होता, हे फर्मीनलाही मनातल्या मनात मान्य होतं. मनातली गोष्ट सासूपुढे बोलायची नसते.

दोन्या ओब्दुलिया ('दोन्या' हे मोठ्या बाईंच्या नावाआधी मानाने लावतात) थेट उत्तरेच्या, चिवावाच्या. तिकडे निखाऱ्यावर मांस भाजतात आणि त्याला मीठ लावतात, झाला स्वयंपाक. दर वर्षी पंधरा सप्टेंबरला, स्वातंत्र्याच्या सणाला, त्या लेकीकडे येत आणि येताना बर्फाच्या पेटीतून मांस आणत, जणू पुएब्लात दुष्काळ पडला आहे. "तुमच्याकडचं जेवण म्हणजे बाळा, जेवणाआधी येऊन बसलेला गोड पदार्थ," असं त्यांचं मत होतं आणि ते त्या वर्षातून एकदा, पण वर्षभर पुरेल एवढ्या आवाजात मांडत.

या वर्षी त्यांनी फोनवर कळवलं, "या खेपेला पेटी मोठी आणू का?"

"आणूच नका," फर्मीन म्हणाला. "या खेपेला मिरच्या मी करणार. घरी. ज्वालामुखीच्या पायथ्याच्या मातीतलं नसेल असं काही भांड्यात पडणार नाही."

पलीकडून आधी एक हुंकार. मग, "ठीक. आवडलं तर मी मान्य करीन. नाही आवडलं, तर पुढच्या वर्षीपासून पंधरा तारीख माझी. गच्चीवर शेगडी, मांस आणि जावईबापूंच्या डोक्यावर आमच्याकडची रुंद टोपी. कबूल?"

"कबूल," फर्मीन म्हणाला. फोन ठेवल्यावर त्याची बायको नोहेमी त्याच्याकडे बघत राहिली.

"फर्मीन, तुला अंडं उकडता येतं का?"

"अंडं उकडणं वेगळं," तो गंभीरपणे म्हणाला. "त्यात ध्येय नसतं."

फर्मीनचं चष्म्याचं दुकान होतं. नजरेतला अगदी बारीक दोषही ज्याला चालत नाही असा तो माणूस, त्यामुळे बाजारहाट त्याला सोपा जाईल अशी त्याची समजूत होती. तो काल्पानला गेला. ज्वालामुखीच्या अंगाखांद्यावरचं हे गाव, राखेच्या मातीत फळबागा. मिरचीच्या पोटात जाणारी फळं तीन: बुटकं टणक सफरचंद, रवाळ पेर आणि गावठी पीच. तिन्हींपैकी एकाच्या जागी दुसरं काही घातलं, तर पुएब्लात लोक बोलणं टाकतात. फळं मिळाली. घोडं अडलं अक्रोडापाशी. फर्मीनने खिशातून दुकानातलं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि एकेक अक्रोड फिरवून बघू लागला.

फळवालीने बराच वेळ सहन केलं. "साहेब, अक्रोड घेताय की त्याच्या चष्म्याचा नंबर काढताय?"

मागे उभ्या असलेल्या बायका हसल्या. फर्मीनने भिंग खिशात ठेवलं आणि अपमानाच्या भरात हवे होते त्याच्या दुप्पट अक्रोड घेतले. या दुपटीला पुढे महत्त्व येणार आहे, म्हणून सांगून ठेवलं.

चौदा तारखेला सकाळी दोन्या ओब्दुलिया हजर झाल्या. हातात पेटी होतीच. "मांस नाही," त्या म्हणाल्या, "थोडंच आहे." फर्मीनने ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि मिरच्या भाजण्यासाठी गॅस पेटवला. गॅसने निळी जीभ दाखवली, दोनदा उचकी दिली आणि प्राण सोडला. टाकी रिकामी. गॅसवाल्याला फोन केला, तर तिकडून एक प्रसन्न आवाज म्हणाला की सणाची गर्दी आहे, गाडी येईल तेव्हा येईल.

"निखारे," सोफ्यावरून दोन्या ओब्दुलिया म्हणाल्या. "निखाऱ्यांना टाकी लागत नाही."

झोंबलं, पण खरं होतं. निखारे पेटवायचे तर गच्ची हवी, आणि गच्ची हवी तर इमारतीच्या कमिटीचे अध्यक्ष इंजिनिअर बाल्तासार यांची परवानगी हवी. हे इंजिनिअर निवृत्त होते, पण नियमांतून निवृत्त झाले नव्हते. त्यांनी नियमावली उघडली. गच्चीवर कपडे वाळत घालणं, पाण्याच्या टाक्या बघणं आणि राष्ट्रीय संकटाच्या वेळी जमणं एवढ्यालाच मुभा होती.

"माझ्या सासूबाई आल्यायत," फर्मीन म्हणाला.

"हं. संकटाखाली बसवता येईल," इंजिनिअरांनी विचार केला. "पण एक सांगा. मिरच्या अंड्यात घोळवून तळणार, की तशाच?"

इथे थोडं थांबायला हवं. पुएब्लात माणसं दोन जातींची. एक म्हणते, भरलेली मिरची फेसलेल्या अंड्यात बुडवून तळायची, तिला अंड्याचा अंगरखा हवाच. दुसरी म्हणते, अंगरखा घातला की मिरची मेली. या प्रश्नावर सोयरिकी मोडल्या आहेत. त्यामानाने धर्म आणि फुटबॉल हे शिळोप्याचे विषय.

"तुमचं मत काय?" फर्मीनने सावधपणे विचारलं.

"बिनअंगरख्याची! मिरचीला लाज वाटावी असं तिच्यात काय आहे, ती झाकायला? अंगरखा घालणार असाल तर गच्चीची किल्ली मिळणार नाही."

"छे छे. बिनअंगरख्याचीच," फर्मीन म्हणाला आणि किल्ली घेऊन वर पळाला.

निखारे फुलले. मिरच्यांची साल करपून तडतडू लागली. भाजलेल्या मिरचीचा धूर हलका असतो, तो वर जातो, हे शास्त्र फर्मीनला पक्कं ठाऊक होतं. पण त्या सकाळी ज्वालामुखीकडून वारा सुटला होता आणि वाऱ्याने ते शास्त्र वाचलेलं नव्हतं. सगळा धूर दोरीवरच्या चादरींतून गाळला जाऊन जिन्यात उतरला. खालच्या मजल्यावर दोन्या कोन्सुएलो नावाच्या बाई राहत. त्यांनी खोकत खोकत खिडकीबाहेर पाहिलं, आकाश करडं दिसलं, आणि त्यांनी योग्य तेच केलं: डॉन गोयो जागे झाले असं समजून कॅनरीच्या पिंजऱ्यावर टॉवेल टाकला आणि नागरी संरक्षणाला फोन लावला. डॉन गोयो म्हणजे आमचा ज्वालामुखी. घरच्या माणसासारखा आहे, म्हणून नावाने हाक मारतात.

हेल्मेट घातलेला एक तरुण अधिकारी गच्चीवर आला, डोळे पुसत.

"राख कुठाय?"

"राख नाही. मिरच्या आहेत."

"माझ्या यादीत ज्वालामुखी, आग आणि गॅसगळती एवढंच येतं," तो म्हणाला. "मिरची येत नाही. मी काय लिहू?"

"लिहा, स्वयंपाक."

"स्वयंपाकासाठी मला पाठवत नाहीत हो." तो शेगडीपाशी वाकला, एक मिरची उलटीपालटी करून पाहिली आणि आवाज खाली आणून म्हणाला, "बरं, ते जाऊ दे. अंड्यात घोळवणार ना?"

इंजिनिअर जिन्यातच उभे होते. फर्मीन आकाशाकडे बघत म्हणाला, "अजून गुलदस्त्यात आहे."

अधिकारी गेला, पण दोन्या कोन्सुएलो आल्या, खांद्यावर धुराच्या वासाच्या चार चादरी. फर्मीनने माफी मागितली, चादरी परत धुऊन देण्याचं वचन दिलं. मग त्या गॅसबद्दल ऐकून एकदम मऊ झाल्या.

"टाकी संपली? अगं बाई! मग सारण कशावर शिजवणार? माझी शेगडी वापर हवी तर. दोन दिवस तुझीच समज. फक्त अंगरखा नीट चढव हो, माझ्या शेगडीवर नागडी मिरची शिजलेली नाही आजवर."

आता माणसाने काय करावं? सारण शेगडीशिवाय शिजत नाही. फर्मीनने इकडेतिकडे पाहिलं, इंजिनिअर खाली गेले होते. "अंगरखा तर हवाच," तो म्हणाला.

अशा रीतीने एकाच मिरचीचं दोन घरी लग्न ठरलं.

दुपारी अक्रोड. फोडायला सोपे, पण आतल्या गराला एक पातळ साल असते, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ, आणि ती कडू जहर. तिचा कण जरी राहिला तरी अख्खी नोगादा कडू. म्हणून एकेक गर नखाने सोलायचा आणि लगेच दुधात टाकायचा, नाहीतर हवेने काळा पडतो. हे काम एका घराचं नाही. फर्मीनने शेजाऱ्यांना बोलावलं. दोन्ही पक्ष आनंदाने आले, कारण मिरची आपलीच आहे अशी दोन्ही पक्षांची खात्री होती. त्याने प्रत्येकाच्या हातात दुकानातला चिमटा दिला, गळ्यात भिंग अडकवलं आणि आपल्या आईचा नियम सांगितला.

"सोलताना शीळ घालायची. सगळ्यांनी. जो शीळ घालतो त्याला खाता येत नाही. ज्याची शीळ थांबली, त्याच्या तोंडात अक्रोड."

"चोरीचा आरोप?" इंजिनिअर ताठ झाले.

"नियम आहे, इंजिनिअरसाहेब."

नियम म्हटल्यावर इंजिनिअर विरघळले. फर्मीनच्या दिवाणखान्यात मग शिळांचं असं काही मोहोळ उठलं की खालचा कॅनरी टॉवेलाखालून साथ देऊ लागला. अडचण आली दोन्या कोन्सुएलोंची. त्यांची कवळी होती, शीळ येईना. "मी गुणगुणते," त्या म्हणाल्या.

"हरकत," इंजिनिअर म्हणाले. "तोंडात अक्रोड ठेवून गुणगुणता येतं."

"येत नाही!"

"येतं. करून दाखवतो." त्यांनी एक सोललेला अक्रोड तोंडात टाकला आणि राष्ट्रगीत गुणगुणलं. "पाहिलंत? पण एका प्रयोगावरून निष्कर्ष काढू नये." त्यांनी दुसरा टाकला. मग तिसरा, दुसऱ्या गाण्यासाठी. दोन्या कोन्सुएलोंनी त्याचं खंडन करायला स्वतः प्रयोग केला. मग इतरांनीही विज्ञानाला हातभार लावला. फर्मीनने दुधाचं भांडं पाहिलं आणि त्यात उरलेले गर मोजायला घेतले.

या सगळ्यात एकच शीळ अखंड चालू होती. दोन्या ओब्दुलिया खिडकीशी बसून सोलत होत्या. "खारींचं काम," म्हणाल्या होत्या, पण बसल्या होत्या. गुरं हाकायची उत्तरेकडची शीळ, लांब, स्वच्छ, कुठे म्हणून तुटत नव्हती. एक अक्रोड त्यांनी तोंडात टाकला नाही. बाकीचे चोरत होते याचं फर्मीनला दुःख झालं, पण त्या चोरत नव्हत्या याचं जास्त झालं. ज्या वस्तूचा माणसाला मोहच पडत नाही, ती त्याला आवडणार कशी?

पंधरा तारखेला दुपारी गुपित फुटलं. दोन्या कोन्सुएलो अंडी फेसायला वर आल्या, त्याच वेळी इंजिनिअर मिरच्या 'जशाच्या तशा' ताटात रचायला आले.

"ही अंडी कशासाठी?"

"अंगरख्यासाठी. फर्मीन म्हणाला."

"मला म्हणाला, बिनअंगरख्याच्या!"

दोघांनी फर्मीनकडे पाहिलं. फर्मीन चष्म्याच्या काचा पुसत होता, फार वेळ. मग नोहेमी पुढे झाली, सुरी घेतली आणि ताटाच्या मधोमध हवेत रेघ मारली. "अर्ध्या अशा, अर्ध्या तशा. आणि तू, फर्मीन, आज कोणालाच काही वचन देऊ नकोस."

तसंच झालं. लांब टेबलाच्या एका टोकाला अंगरखेवाले बसले, दुसऱ्या टोकाला बिनअंगरखेवाले, आणि दोन्ही टोकांनी एकमेकांकडे पाठ फिरवली. नोगादा कमी पडणार असं वाटत होतं, पण फळवालीच्या टोमण्यापायी आणलेल्या जादा अक्रोडांनी लाज राखली. फर्मीनने सकाळी उठून एकट्याने, शीळ घालत, त्यातले निम्मे सोलले होते. पांढरी नोगादा मिरच्यांवरून ओघळली, वर डाळिंब, वर हिरवं पान. ताटं मांडून झाल्यावर तो दोन पावलं मागे सरला आणि बघत राहिला. भिंग लावूनसुद्धा त्या ताटात खोट सापडली नसती. त्याने हळूच लावून पाहिलंही.

दोन्या ओब्दुलियांनी काट्याने मिरचीला स्पर्श केला. मग बोटाने ताटाला.

"हे थंड आहे."

हे वाक्य पुएब्लात कोणी कधी ऐकलंच नव्हतं.

"बिचाऱ्याचा गॅस संपलाय ना. असू दे," असं म्हणून, आणि हे त्या अगदी मायेने म्हणाल्या, त्या ताट घेऊन उठल्या आणि स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हकडे निघाल्या.

हा पदार्थ गरम करत नाहीत. गरम केला की नोगादा फाटते, तिचं तेल सुटतं, पाणी सुटतं आणि उरतो तो चोथा. हे पुएब्लात शिकवावं लागत नाही. सगळं टेबल एकदम उभं राहिलं. खुर्च्या पडल्या.

"इंजिनिअर! दार!" दोन्या कोन्सुएलो ओरडल्या.

"धरलंय, दोन्या कोन्सुएलो! तुम्ही प्लग काढा!"

"काढला!"

दुपारपासून एकमेकांचं तोंड न बघणारी दोन माणसं मायक्रोवेव्हच्या दोन बाजूंना खांद्याला खांदा लावून उभी होती, आणि त्यांच्या मागे अंगरखा आणि बिनअंगरखा एक झाला होता.

"माझ्या लेकीच्या घरात मला अन्न गरम करायची चोरी?" दोन्या ओब्दुलियांचा आवाज वाढला. "नोहेमी!"

नोहेमी आईच्या बाजूला गेली नाही, नवऱ्याच्याही नाही. ती दारात उभी राहिली आणि फर्मीनकडे पाहू लागली. सगळेच पाहू लागले.

फर्मीन लग्नापासून सासूला एकदाही उलट बोलला नव्हता. तो पुढे आला. त्याने इंजिनिअरांना बाजूला केलं, प्लग परत लावला आणि मायक्रोवेव्हचं दार स्वतःच्या हाताने उघडलं.

"सासूबाई, हे थंड राहिलेलं नाही. थंड केलेलं आहे. एक घास खा. त्यानंतर म्हणालात तर मी स्वतः गरम करून देईन आणि ती रुंद टोपी घालून देईन."

"फर्मीन!" दोन्या कोन्सुएलोंनी छातीवर क्रूस काढला.

दोन्या ओब्दुलियांनी उभ्या उभ्या काटा रोवला. घास तोंडात गेला. चेहरा चिवावाच्या वाळवंटासारखा, काही उगवत नाही, काही मावळत नाही. दुसरा घास. मिरचीचा देठ तेवढा राहिला. मग पावाच्या तुकड्याने त्यांनी ताट पुसलं, अगदी कडेपर्यंत, आणि मायक्रोवेव्हचं दार कोपराने लोटून दिलं.

"मीठ बरं आहे," त्या म्हणाल्या आणि जाऊन बसल्या.

'मीठ बरं आहे' याचा अर्थ काय, यावर इमारतीत संध्याकाळभर चर्चा चालली. इंजिनिअरांच्या मते ती शरणागती होती. दोन्या कोन्सुएलोंच्या मते अपमान, कारण मीठ त्यांनी घातलं होतं आणि ते 'बरं' नव्हे, उत्तम होतं. रात्री चौकात घंटा झाली, दारूकाम झालं, लोकांनी देशाचा जयजयकार केला. फर्मीनने क्षीण आवाजात केला. त्याला मान्यता हवी होती. शब्दांत. मीठ हा काही शब्द नव्हे.

सकाळी तो दाढी करत होता. तोंडाला फेस. स्वयंपाकघरातून शीळ येत होती, तीच, लांब, गुरं हाकायची. टक्, असा कवच फुटल्याचा आवाज. शीळ. पुन्हा टक्. शीळ.

मग शीळ थांबली.

फर्मीनचा वस्तरा हवेत थांबला.

बऱ्याच वेळाने शीळ पुन्हा सुरू झाली, जरा ओलसर. टक्. आणि पुन्हा थांबली, या वेळी जास्त वेळ.

नोहेमी बाथरूमच्या दारात आली. तिचेही डोळे मोठे झाले होते. "आई उरलेले अक्रोड सोलतेय," ती कुजबुजली. "जाऊन पकड की."

"नको," फर्मीन म्हणाला. त्याने आरशात पाहिलं. फेसाखालचा तो चेहरा त्याला एकदम भारदस्त वाटला. "सोलू दे सावकाश."

टॅक्सी आली. बर्फाची पेटी त्याने उचलली. रिकामी असायला हवी होती, पण जड लागली आणि आत खडखड वाजलं. त्याने काही विचारलं नाही. दोन्या ओब्दुलियाही त्याच्याकडे बघत नव्हत्या, त्या चिवावातल्या बहिणीशी फोनवर बोलत जिना उतरत होत्या. दारादारात शेजारी उभे होते.

"रविवारी ये. एक गोष्ट खायला घालते... नाही गं, मांस नाही. मिरच्या... अगं नाही! गरम नाही करायच्या! वेडी आहेस का तू? फाटते ती. थंडच खायची असते." त्या क्षणभर थांबल्या, पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. "कोण म्हणतं म्हणजे? आमच्याकडे अशीच करतात."

'आमच्याकडे' हा शब्द जिन्यात घुमला. इंजिनिअरांनी दोन्या कोन्सुएलोंकडे पाहिलं. फर्मीन क्वाउत्ले पेटी डोक्यावर घेऊन, छाती काढून, शेवटच्या पायऱ्या उतरला. दोन्ही हात पेटीला गुंतले होते, तोंड मोकळं होतं. त्याने शीळ घातली.